चवींचं चाक

भिंतीवर एक रंगीत चाक टांगलंय, कागदाचं.
जगातल्या सगळ्या चवी यात आहेत, म्हणाला होता
मनिलाहून आलेला ट्रेनर, कोऱ्या बुटांचा.
जर्दाळू. रास्पबेरी. मेपलचा पाक.
मी पाठ केलं,
शाळेत संतांची नावं केली होती तसं,
एकाही संताला न भेटता.

दुकानाचं नाव 'तिसरी लाट'.
कॉफीवाले हसतात, सर्फिंगवालेही हसतात.
जनरल लूनातली आमची माणसं त्या पाटीखालून
जरा मान वळवून जातात.

साडेसातला पहिला लॅपटॉप उघडतो
प्लगजवळच्या टेबलावर. एस्तोनियाची काद्री.
तिच्या देशात मध्यरात्र उलटलेली;
मालक झोपला की काम नीट होतं, म्हणते.
पलीकडे ब्राझीलचा तो, ज्याच्याकडे अजून कालच चालू आहे,
स्क्रीनमधल्या कुणाची तरी माफी मागतोय.
माझ्या छातीवर 'रेम' लिहिलंय.
रेमेदियोस पट्टीवर मावत नाही.

"ही इथिओपियाची. घोट गिळल्यावर ब्लूबेरी लागेल."
वायफायचा पासवर्ड सांगते त्याच आवाजात सांगते.
ब्लूबेरी मी खाल्लेली नाही.
तिचं झाड असतं की वेल, तेही ठाऊक नाही.
पण भुवया वर जातात, मान तिरकी होते,
हो हो, ब्लूबेरी!
आणि माझ्या अर्ध्या दिवसाचे पैसे
गल्ल्यात पडतात.

घरी आमची कॉफी तांदळाची.
आई कोरडी कढई तापवायची, मूठभर तांदूळ टाकायची,
आणि हलवत राहायची
काळाकुट्ट होईपर्यंत. क्षणभर आधी कच्चा,
क्षणभर उशीर झाला की राख.
मग पाणी, उकळी, गुळाचा खडा.
बाबा पहाटे समुद्रावरून यायचे, भुवयांना मीठ,
पेला दोन्ही हातांत धरायचे
आणि रिकामा होईपर्यंत
कुणाशी बोलायचे नाहीत.

परीक्षेला पाच कप होते, पाच चमचे, एक कागद.
पहिल्याला ब्लूबेरी लिहिलं. पास व्हायचं होतं.
दुसऱ्याला जर्दाळू. तिसऱ्याला काय लिहिलं आठवत नाही.
चौथा तोंडात गेला आणि चमचा तसाच हातात राहिला.
त्यात खोबरं वाळवायच्या भट्टीचा धूर होता,
भिजून वाळलेली, परत भिजलेली होडीची दोरी होती,
आणि वादळ गेल्यानंतरची ती डिसेंबरातली सकाळ,
छप्पर नसलेल्या घरात
तीन दगडांवर पेटवलेली चूल,
पेटता न पेटणारी लाकडं,
आडव्या झालेल्या माडांचा
तो ओला, गोडूस वास,
जो आठवडाभर कपड्यांतून जात नव्हता.
सगळं लिहिलं. जागा संपली,
कागद उलटा करून लिहिलं.

ट्रेनरने वाचलं. हे चाकावर नाही, म्हणाला.
मग चमचाभर ओढली त्याने, सुर्रकन,
आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.
'धुरकट' असं लिहून
एक मार्क दिला.

काल दुपारी वीज गेली, जनरेटर खोकून गप्प बसला.
काद्री काउंटरपाशी आली. तू काय पितेस?
मी थर्मासमधली अर्धा कप ओतली.
ती पिऊन माझ्याकडे बघत राहिली,
आता मी सांगेन काय लागलं ते, म्हणून.
मी नाही सांगितलं.
तिने तिच्या भाषेत एक शब्द उच्चारला, स्वतःशीच.
मी अर्थ विचारला नाही.

विचारलं ते दुसरंच. ब्लूबेरी कशी लागते गं?
ती विचारात पडली. मग म्हणाली,
जंगलात जावं लागतं. वाकून वाकून पाठ मोडते.
दात निळे होतात.
डास फार चावतात.

आज एकाने इथिओपियाची मागितली.
मी म्हटलं, दात निळे होतील. डासही चावतील थोडे.
त्याने कानातलं बोंड काढलं,
काय? म्हणाला,
आणि पासवर्ड विचारला.